काका आणि करपा

आज सकाळी शेजारच्या काकांनी माझ्या टोमॅटोचा निकाल लावला. छत्रीसुद्धा न मिटता.

"पाणी कमी पडतंय," ते म्हणाले. पाऊस धो धो कोसळत होता आणि त्यांच्या छत्रीची धार नेमकी माझ्या कुंडीत पडत होती.

"काका, करपा आहे हा."

"मग सावलीत हलवा. ऊन लागलं की करपतंच."

"ऊन कुठंय?"

"तेच म्हणतोय मी!"

आता यावर काय बोलणार? मी पान उलटून दाखवलं. वर काळपट, तेलकट डाग आणि खाली त्या डागाच्या कडेनं पिठासारखी पांढरी बुरशी. काकांनी चष्मा पुसला, पान खुडलं, दोन बोटांत चुरगाळलं, हुंगलं, "हं" केलं आणि मग तीच बोटं शेजारच्या एकुलत्या एक धडधाकट रोपाच्या कोवळ्या शेंड्याला पुसली. अगदी मायेनं. वर म्हणाले, "हे बघा, हे कसं छान आलंय!"

याच रोगानं 1845 पासून आयर्लंडमधले बटाटे कुजवले. त्या दुष्काळात दहा लाखांच्या आसपास माणसं गेली. हा वाऱ्यावरून जातो, शिंतोड्यांवरून जातो. माझ्याकडे त्याला काकांनी घरपोच सेवा दिली.

बरं, उपाय म्हणाल तर तेही एकेक नमुनेच. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण रोग यायच्या आधी फवारायचं. आल्यावर रोगट पान काही बरं होत नाही. फवारायचं ते पाऊस नसताना, आणि रोग येतो पावसात. पानं ओली राहू देऊ नका, असं जो तो सांगतो. आभाळाला कोण सांगणार? बंद पडलेल्या स्कूटरजवळ माणूस निदान "मेकॅनिक बघा" म्हणून पुढे जातो. आजारी रोप दिसलं की मात्र जाणारा-येणारा धन्वंतरी. रोपं वाढवणाऱ्याला काही कळत असेल, ही शंकासुद्धा कुणाला येत नाही, याचा खरा राग आहे मला.

दुपारी रोगट रोपं मुळासकट उपटली, पिशवीत कोंबली, तोंड घट्ट बांधलं. भिंतीवरून छत्री वर आली.

"अहो, फेकताय कशाला? द्या इकडे, माझ्या खताच्या डब्यात घालतो."

तो डबा आमच्या दोघांच्या भिंतीला टेकूनच आहे. झाकण नाही.