हुद्दा उतरला म्हणजे भाव उतरला?

सेल्सवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘मॅनेजर झाल्यावर पुन्हा एक्झिक्युटिव्हची नोकरी घेऊ नका. पद जातं, पगार जातो, पुढची कंपनी नापास समजते आणि कालच्या पोराला रिपोर्ट करावं लागतं.’ मी आठ जणांची टीम सोडून पुन्हा एकटा विकायला बसलो, म्हणून यावर बोलायचा थोडा हक्क आहे.

आधी पद. सेल्समध्ये हुद्द्याइतकं फसवं काही नाही. एका कंपनीतला ‘बिझनेस मॅनेजर’ दिवसभर कोल्ड कॉल, म्हणजे अनोळखी लोकांना विक्रीचे फोन, करतो. दुसरीकडचा ‘अकाउंट एक्झिक्युटिव्ह’ वर्षाला चारच सौदे करतो आणि अख्ख्या विभागाचा आकडा त्यावर टेकलेला असतो. ग्राहकापुढे वजन पडावं म्हणून कार्डावर ‘मॅनेजर’ छापून देणाऱ्या कंपन्याही कमी नाहीत. म्हणून बघायचं ते सौदा केवढा, मिटायला किती महिने लागतात आणि समोरून सही कोण करतं.

मी आधी छोट्या व्यावसायिकांना फोनवर सॉफ्टवेअर विकायचो. मालक ‘हो’ म्हणाला की दोन दिवसांत पैसे जमा. नव्या नोकरीत पहिला मोठा ग्राहक आला. वापरणारी मंडळी खूश, त्यांचे प्रमुख म्हणाले, ‘आमच्याकडून फायनल समजा.’ मी सीआरएममध्ये, म्हणजे सौद्यांची नोंद ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, सौदा होण्याची शक्यता ९० टक्के टाकून मोकळा! मग परचेसचा मेल आला, सोबत डेटा सुरक्षेची लांबलचक प्रश्नावली. मागोमाग त्यांच्या लीगलने करारातलं नुकसानभरपाईचं कलम लाल रंगात बदल सुचवून परत पाठवलं. सौदा तिमाहीबाहेर गेला. माझ्याहून सहा वर्षांनी लहान बॉसने एकच विचारलं, ‘पैसे कोणाच्या बजेटमधून येणार होते?’ मला माहीत नव्हतं. आणि मी आठ जणांना विकायला शिकवत होतो.

तर ते ‘कालचं पोर’ हे असं असतं. पहिला महिना जड गेला, खोटं कशाला बोलू.

पगाराचं गणित मेसेजवाल्यांनी ऑफर लेटरवरच्या मोठ्या आकड्यावरून केलंय. समजा जुन्या नोकरीत एकूण १००: फिक्स ६०, व्हेरिएबल (टार्गेटवर अवलंबून असलेला भाग) ४०. टीम टार्गेटच्या निम्म्यावर अडकलेली, म्हणजे हातात ८०. तेही व्हेरिएबल टक्केवारीच्या प्रमाणात मिळत असेल तर. बऱ्याच योजनांत ठरावीक टप्प्याच्या खाली ते शून्यच असतं. नव्या नोकरीत एकूण ९०: फिक्स ६०, व्हेरिएबल ३०, आणि लोक ९० टक्के गाठतात. हातात ८७. म्हणून मुलाखतीत विचारा, गेल्या वर्षी या जागेवरच्या किती जणांनी टार्गेट पूर्ण केलं?

पुढची कंपनी नापास समजेल हेही सरसकट खरं नाही. सेल्सच्या मुलाखतीत टार्गेट किती होतं, किती टक्के केलं, टीममध्ये कितवे होतात, यावरच बराचसा वेळ जातो. शिवाय १३१ कंपन्यांतल्या विक्री कर्मचाऱ्यांच्या आकडेवारीवरचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. कंपन्या चांगल्या विक्रेत्यांना मॅनेजर करतात, पण चांगला मॅनेजर कोण होईल हे सांगणाऱ्या इतर गोष्टींकडे दुर्लक्ष होतं, असं त्यात दिसलं. मॅनेजरच्या खुर्चीत बसवलं गेलेला माणूस त्याच कामाचा असतो, असं धरून चालायचं कारण नाही.

मेसेज एका ठिकाणी मात्र बरोबर आहे. तोच माल, तसेच ग्राहक, तेवढाच सौदा आणि फक्त खुर्ची खालची, वर ‘सहा महिन्यांत प्रमोशनचं बघू’ असं तोंडी आश्वासन, तर ती नोकरी घेऊ नका. बढतीचा निकष लेखी मागा. या जागेवरून गेल्या दोन वर्षांत किती जण वर गेले तेही विचारा. प्रश्न ऐकून समोरचा एचआरकडे बघायला लागला, तर चहा संपवून निघा.