लाँग सर्व्हिस मेडलला नाक मुरडणाऱ्यांसाठी

"ही मेडलं काय, नुसती नोकरी केली की मिळतात." पंधरा ऑगस्ट आला, कुणा माजी सैनिकाचा फोटो पडला की त्याखाली ही कमेंट ठरलेली.

हो, मिळतात. आपल्या लष्करात ९, २० आणि ३० वर्षांच्या सेवेची तीन वेगळी पदकं आहेत. शौर्य गाजवावं लागत नाही, शिपाई असो की जनरल, पदक तेच. नुसतं हजर राहणाऱ्यालाही मिळतं, हेही कबूल. पण फौजेत नऊ वर्षं नुसतं हजर राहून दाखवा की! आमचे तात्या मराठा लाइट इन्फंट्रीत होते. गणपतीला रजा घेतली की त्या वर्षीची दिवाळी गेली. थोरलीच्या बारशाला ते नव्हते, आजीला खांदा द्यायलाही पोचले नाहीत. शेती, पोरं, म्हातारी माणसं सगळं काकूनं रेटलं. यासाठी परमवीर चक्र द्या असं कुणीच म्हणत नाही, पण छातीवर एक रिबन असली तर कुणाच्या पोटात का दुखावं?

आणि ती रिबन तरी वेळेवर कुठं मिळते? तात्यांची दोन्ही पदकं हातात घेऊन बघा. एकाच्या काठावर त्यांचा नंबर आणि नाव कोरलंय, दुसऱ्याचा काठ कोरा. ते कॅन्टोन्मेंटमधल्या दुकानातून विकत आणलेलं, कारण सरकारी येईतो परेड थांबणार नव्हती. हे एकट्या तात्यांचं नाही. कितीतरी जवान स्वतःच्या हक्काची पदकं खिशातून पैसे घालून लावतात. याची लाज पदकं वाटणाऱ्यांना वाटायला हवी.

असाच हिशोब एनसीसीच्या सरांचाही मांडायला हवा. १९४८ पासून हा सगळा डोलारा शाळा-कॉलेजातल्या मास्तरांच्या खांद्यावर उभा आहे. नागपूरजवळ कामठीला ट्रेनिंग घेऊन आलेला माणूस आपले तास सांभाळून परेड घेतो, दहा-दहा दिवस कॅम्पला राहतो, दुसऱ्यांच्या पोरांना ताप आला तर रात्रभर जागतो. परत आला की स्टाफरूममध्ये ऐकायला मिळतं, "तुमचं बरंय सर, तास बुडवून फिरून आलात." ब्रिटनमध्ये कॅडेटना शिकवणाऱ्या गणवेशातल्या स्वयंसेवकांसाठी १९५० पासून स्वतंत्र पदक आहे. बारा वर्षं झाली की पदक, पुढच्या दर सहा वर्षांना त्यावर एक पट्टी. इंग्रजांचं सगळंच उचलायची गरज नाही, पण शनिवार-रविवार मोजायची ही पद्धत मला आवडते.

आता खरा प्रश्न अग्निवीरांचा. २०२२ च्या योजनेत सेवा चार वर्षांची, पुढे जास्तीत जास्त पंचवीस टक्के कायम होणार. बाकीच्यांना साधारण पावणेबारा लाखांचा सेवानिधी आणि कौशल्याचं प्रमाणपत्र. नऊ वर्षांचं पदक त्यांच्या वाट्याला येणारच नाही. योजना बरी की वाईट यावर हवं तेवढं भांडू, पण विशीतली चार वर्षं सीमेवर घालवलेल्या पोराची छाती रिकामी का ठेवायची? चार वर्षांचं वेगळं पदक काढा. काठावर नाव-नंबर कोरा, आणि तो युनिटच्या गेटबाहेर पडायच्या आत हातात द्या. बाजारातून घ्यायला लावू नका.