काळी चार वाजेना, कंपनी मात्र हिरवीगार

समजा उद्या एखाद्या वाद्यं बनवणाऱ्या कंपनीने तुम्हाला बोलावलं आणि सांगितलं की आजपासून तुम्ही आमचे सस्टेनेबिलिटी हेड, म्हणजे पर्यावरणाची काळजी वाहणारे साहेब, तर अजिबात घाबरू नका. संगीत कळायची गरज नाही, झाडं कळायची तर त्याहून नाही. मी गेल्या तीन आठवड्यांत मुलीच्या बिघडलेल्या कीबोर्डापायी अशाच एका कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला चार खेपा घातल्या, आणि तिथल्या त्या जोडलेल्या स्टीलच्या खुर्च्यांवर टोकन घेऊन बसल्या बसल्या कंपनीचा सस्टेनेबिलिटी रिपोर्ट मोबाइलवर अथपासून इतिपर्यंत वाचून काढला. तेव्हा या विषयात मी आता फुकट सल्ला द्यायला मोकळा आहे. कंपनीचं नाव विचारू नका, तुमच्याही घरी त्यांचं काहीतरी असेलच.

सुरुवात उद्दिष्टापासून करा. उद्दिष्ट नेहमी अशा वर्षाचं ठेवावं की तोवर तुम्ही रिटायर होऊन कोकणात आंबे मोजत असाल. २०५० झकास. देशाने २०२१ साली ग्लासगोच्या हवामान परिषदेत नेट झिरोसाठी (जेवढा कार्बन सोडायचा तेवढाच शोषून घ्यायचा) २०७० साल सांगितलंय, म्हणजे २०५० म्हटलं की तुम्ही देशाच्याही वीस वर्षं पुढे, टाळ्या. मधला एक टप्पा २०३० चा टाका, टक्क्यांत. कशाचे टक्के ते तळटीपेत, आणि तळटीप अशा अक्षरांत की चाळिशीवाल्याला दिसू नये.

मग एक चौकोन काढायचा. त्याला मटेरियालिटी मॅट्रिक्स म्हणतात. उभ्या रेघेवर समाजाला काय महत्त्वाचं, आडव्या रेघेवर कंपनीला काय महत्त्वाचं, आणि मध्ये रांगोळीचे ठिपके. वरच्या उजव्या कोपऱ्यात हवामान बदल, लाकूड, मानवी हक्क वगैरे भारदस्त मंडळी बसवा. मी त्या चौकोनात 'दुरुस्ती' हा ठिपका शोधत होतो. झूम करकरून शोधला. नव्हता. खालच्या डाव्या कोपऱ्यातसुद्धा नव्हता, जिथे 'कर्मचाऱ्यांसाठी योग' होतं.

कार्बन उत्सर्जनाच्या हिशेबात स्कोप, म्हणजे कप्पे, तीन असतात. पहिला तुमच्या कारखान्यातल्या बॉयलरचा, दुसरा तुम्ही विकत घेता त्या विजेचा, तिसरा उरलेल्या सगळ्या जगाचा, म्हणजे माल कुठून आला, कसा गेला, गिऱ्हाइकाने वापरला किती आणि फेकला कुठे. खरा ढीग बहुतेक वेळा या तिसऱ्यात असतो. म्हणून तुम्ही पहिल्या दोघांवर पानंच्या पानं लिहा. छपरावर सोलर बसवा, ड्रोन उडवून फोटो काढा. तिसऱ्याबद्दल लिहा 'पुरवठादारांशी संवाद सुरू आहे'. संवाद सुरू असला की भागतं.

मॅन्युअल छापू नका, क्यूआर कोड द्या. कागद वाचतो.

अ‍ॅडॅप्टरही देऊ नका, लोकांच्या घरी असतातच म्हणा. आमच्या घरी सात आहेत, एकाचीही पिन बसत नाही.

लाकडावर मात्र मनसोक्त बोला. इथे थोडा अभ्यास लागेल, कारण या धंद्यात लाकडाचा मामला खरोखर गंभीर आहे आणि काही लोकांनी त्यासाठी खरोखर भोगलंय. अमेरिकेत गिब्सन या गिटारवाल्या कंपनीवर २००९ आणि २०११ मध्ये बेकायदा लाकडाच्या संशयाने सरकारी धाडी पडल्या, मादागास्करच्या एबनी या काळ्या लाकडावरून आणि मग आपल्या भारतातून गेलेल्या लाकडावरून. २०१२ मध्ये ३ लाख डॉलर दंड भरून आणि वर ५० हजार डॉलर निसर्गरक्षणाच्या कामाला देऊन प्रकरण मिटलं. जानेवारी २०१७ पासून तर साइट्स या दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात शिसवीची अख्खी जमातच यादीत घातली, मग गिटार, क्लॅरिनेट घेऊन परदेशी वाजवायला जाणाऱ्यांची परमिटच्या नुसत्या धास्तीने झोप उडाली, शेवटी २०१९ च्या नोव्हेंबरपासून तयार वाद्यांना सूट मिळाली (ब्राझीलची शिसवी सोडून). आणि टेलर गिटारवाल्यांनी २०११ मध्ये कॅमेरूनमधली एबनीची मिल घेतली तेव्हा त्यांना कळलं की दहा झाडं तोडली तर एखादंच आतून काळंभोर निघतं, बाकीची पट्ट्यापट्ट्यांची म्हणून जंगलातच टाकून देतात. त्यांनी पट्ट्यांचं लाकूड वापरायला आणि विकायला सुरुवात केली. हे मला मनापासून आवडलं. गिऱ्हाइकाची आवड बदलायची हिंमत लागते त्याला.

पण तुम्हाला इतकं करायची गरज नाही. तुम्ही फक्त मुखपृष्ठावर जंगल छापा. आमच्या कीबोर्डात औषधाला लाकूड नाही हो, सगळं प्लास्टिक आहे, पट्ट्यांपासून पायापर्यंत, तरी रिपोर्टवर धुकं, वृक्ष आणि मधून येणारा सूर्यकिरण. छान दिसतं.

आता महत्त्वाचा सल्ला. स्पेअर पार्ट ठेवू नका.

हे जरा सविस्तर सांगतो. मुलगी गाणं शिकते, तिचा सा काळी चार, म्हणजे सप्तकातली चौथी काळी पट्टी. २०१८ च्या दिवाळीत घेतलेला कीबोर्ड, एकसष्ट पट्ट्यांचा, आणि बरोब्बर तीच पट्टी गेली. गेली म्हणजे कशी, हळू दाबली तर मौन आणि जोरात दाबली तर एसटीच्या हॉर्नसारखी किंचाळते. बाकी साठ पट्ट्या ठणठणीत. मी यूट्यूब बघून खोलला, चोवीस स्क्रू मोजून वाटीत ठेवले. आत प्रत्येक पट्टीखाली रबराची छोटी टोपी असते, टोपीच्या आत दोन काळे कार्बनचे ठिपके. पट्टी दाबली की एक ठिपका आधी टेकतो, दुसरा नंतर, आणि दोन्हींच्या मधल्या वेळेवरून यंत्राला कळतं की बोट हळू आलं की जोरात. आमच्या काळी चारचा एक ठिपका झिजून पांढुरका झाला होता. शेंगदाण्याएवढी टोपी! अशा बारा टोप्यांची एक रबर पट्टी असते, तेवढी मिळाली की काम झालं. मला वाटलं दोनशे-तीनशेला येईल.

काउंटरवरचा मुलगा चांगला होता बिचारा, त्याच्यावर राग नाही. म्हणाला, "सर, मॉडेल डिसकंटिन्यू आहे."

म्हटलं, मॉडेल नको, रबर हवंय.

"रबर सिंगल येत नाही सर. पूर्ण की-बेड असेंब्ली येते."

बरं, मग असेंब्ली कितीला?

"ती पण येत नाही सर. डिसकंटिन्यू आहे ना."

मग येत नाही ती वस्तू पूर्णच का घ्यावी लागते, हा प्रश्न मी त्याला विचारला नाही, कारण मागे एक काका साउंड मॉड्यूल छातीशी धरून उभे होते आणि त्यांचा चेहरा माझ्याहून वाईट होता. दुसऱ्या खेपेला साहेब जेवायला गेलेले. तिसऱ्या खेपेला 'हेड ऑफिसला मेल टाकलाय'. चौथ्या खेपेला हसतमुख चेहऱ्याने एक्स्चेंज ऑफर, जुना द्या, नव्यावर पंधरा टक्के सूट, आणि (हे ऐका) प्रत्येक एक्स्चेंजमागे कंपनी तुमच्या नावाने एक झाड लावते, सर्टिफिकेट मेलवर येतं. म्हणजे चार किलो प्लास्टिक आणि धडधाकट सर्किट भंगारात टाका, समुद्रापलीकडून खोक्यात भरून नवीन चार किलो मागवा, आणि या आनंदाप्रीत्यर्थ कुठेतरी एक रोप. जुन्याचं पुढे काय होतं विचारलं तर म्हणाला, "रिसायकल होतं सर, ऑथराइज्ड." कुठे? "ते व्हेंडर बघतो." झाड तरी कुठलं लावता? त्याने पत्रक उलटून पाहिलं. झाडाचं नाव नव्हतं.

क्लॅरिनेटचं काळं लाकूड येतं त्या टांझानियातल्या मपिंगोला वाद्याजोगं व्हायला ७० ते १०० वर्षं लागतात. यांचं झाड मेल सेंड होईपर्यंत होतं.

घरी आईचा तंबोरा आहे, मिरजेचा. तिच्या लग्नाआधीचा. घर बदलताना टेम्पोत भोपळ्याला तडा गेला, तेव्हा मिरजेला घेऊन गेलो. आता या कारागिरांना मी देवबिव करणार नाही, गणपतीत देतो म्हणाले ते संक्रांतीला दिला, फोन तर उचलतच नव्हते. पण त्यांनी तो उलटापालटा करून बघितला, टिचकी मारून ऐकलं, आणि कुणाच्या हातचा असावा ते सांगितलं. मॉडेल डिसकंटिन्यू आहे असं नाही म्हणाले. भोपळा सांधला, आतून पट्टी लावली, घोडीची जवारी काढून दिली (तारा टेकतात ती घोडी घासून आवाज गुंजता केला), वर आईला सांगा उन्हात ठेवू नका म्हणून दम. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतात उगवलेला, दांडी तुणीच्या लाकडाची. ही मंडळी मुळात शिकलगार, हत्यारांना धार लावणारी. हत्यारांचे दिवस सरले तशी वाद्यांच्या दुरुस्तीकडे वळली, आणि दुरुस्ती करता करता सतार-तंबोरे बनवायला लागली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. रिपोर्ट मात्र एकाही दुकानात दिसला नाही मला. हरित पुरस्कारही नाही.

आणि मिरज जाऊ दे, म्हणाल तो घरगुती धंदा. जपानची यामाहा घ्या (माझा कीबोर्ड यामाहाचा नाही, उगाच जोडू नका). १८८७ साली हमामात्सुच्या एका शाळेतला ऑर्गन बिघडला, तो तोराकुसू यामाहा नावाच्या माणसाने दुरुस्त केला, आणि दुरुस्त करताना त्याला वाटलं की हे आपणही बनवू शकतो. जगातल्या एवढ्या मोठ्या वाद्यकंपनीची सुरुवात एका दुरुस्तीतून झालीय! तेव्हा त्याला कुणी काउंटरवरून सांगितलं असतं की ऑर्गन डिसकंटिन्यू आहे, एक्स्चेंज करा, तर?

हां, सल्ले राहिले. ग्राहकाने फारच कटकट केली तर त्याला सरकारच्या राइट टू रिपेअर, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काच्या, पोर्टलकडे पाठवा. २०२२ पासून आहे. शेतीची अवजारं, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं, गाड्या असे चार गट आहेत तिथे. कीबोर्ड नक्की कशात बसतो ते ठरवण्यात त्याचा महिना जाईल.

आणि अजून एक म्हणजे... नाही, जाऊ दे, नाही जमत आता. अहो, सरळ विचारतो. तुम्हाला लाज कशी वाटत नाही? सोळा पानं जंगलावर लिहिता, आणि तीनशे रुपयांचं रबर सात वर्षं फडताळात ठेवता येत नाही तुम्हाला? साचा तुमच्याकडे आहे, ड्रॉइंग तुमच्याकडे आहे. बनवायचं नसेल तर ड्रॉइंग द्या, बुधवार पेठेतला माणूस बनवून देईल. तेही द्यायचं नाही, कारण मग नवीन कोण घेणार! मग तसं छापा ना रिपोर्टात, की आमची प्रायॉरिटी नवीन विकणं आहे. मी एक शब्द बोलणार नाही. धंदा करा की, कोण नको म्हणतंय. पण माझ्या पोरीच्या सा चा भंगार करून त्यावर माझ्याच नावाचं झाड लावू नका. वर साठ चालू पट्ट्यांचा कीबोर्ड टाकून द्यायला मलाच सांगता आणि पर्यावरणाचं सर्टिफिकेटही मलाच देता? आणि त्या काकांचं साउंड मॉड्यूल? त्यांनी तिसऱ्या खेपेनंतर यायचंच सोडलं.

कीबोर्ड एक्स्चेंज केलेला नाही. कुठेतरी वाचलं होतं म्हणून झिजलेल्या ठिपक्यावर मुलीच्या कंपासमधली सहा बी पेन्सिल घासघासून काळी केली आणि चोवीस स्क्रू परत लावले. तेवीस, खरं तर, एक वाटीतून कुठे गेला कुणास ठाऊक. काळी चार वाजतेय. गेले नऊ दिवस.