दुकानदाराचं उत्तर: "1,150 रुपये घेऊन जुगाड करून दिला" या रिव्ह्यूला

नमस्कार साहेब,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की 32 इंची टीव्हीला आठ दिवस लावले, घरी मागचं कव्हर उघडलं तर दोन कंडेन्सर आडवे चिकटवलेले, रेझिस्टरवर रेझिस्टर चढवलेला आणि एक पार्ट चक्क जुना. पाहिलंत ते सगळं खरं आहे. जुगाड हा शब्द मात्र मान्य नाही. पण माझी चूक आधी सांगतो: तो जुना पार्ट म्हणजे मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारा स्विच), तो जुन्या बोर्डावरचा टाकतोय हे तुम्हाला फोन करून विचारायला हवं होतं आणि बिलावर लिहायला हवं होतं. दोन्ही राहिलं. त्याबद्दल माफ करा.

सेट आला तेव्हा पूर्ण डेड होता, लाल दिवासुद्धा नाही. सप्लायचा, म्हणजे टीव्हीला वीज पुरवणाऱ्या बोर्डाचा, मॉस्फेट शॉर्ट. जाताना त्याने फ्यूज नेला, शेजारचा, करंटवर नजर ठेवणारा 0.22 ओहमचा रेझिस्टरही उडवला. तुमच्या मॉडेलचा अख्खा बोर्ड आता येत नाही, हे सेट ठेवलात तेव्हाच बोललो होतो. मग सुटे पार्ट शोधणं आलं. दोन दिवस पावसात गेले, नंतर दुकान बंद ठेवून मुंबईतला लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार गाठला.

मॉस्फेट तिथे हवे तेवढे मिळतात. पण जुना नंबर घासून नवा छापलेला मालही त्यात असतो, आणि त्यात माझे हात दोनदा पोळलेत. बसवला, चालला, गिऱ्हाईक नौपाड्यातून घरी पोचेपर्यंत उडाला. त्यापेक्षा पॅनल फुटून भंगारात आलेल्या टीव्हीतला, कंपनीने बसवलेला त्याच नंबरचा पार्ट मला भरवशाचा वाटतो. त्या सेटचं पॅनल गेलेलं असतं, सप्लाय ठणठणीत असतो. तरी मीटरवर तपासूनच घेतला.

0.22 चा रेझिस्टर नव्हता, 0.47 चे होते. दोन समांतर जोडले की 0.235 होतात. एवढ्याने फरक काय पडतो, तर सप्लाय जास्त करंट ओढायला लागला तर किंचित आधीच थांबतो. उलट 0.18 चा मिळाला असता तर मी लावलाच नसता.

कंडेन्सरचंही तसंच. मूळचा 1000 मायक्रोफॅरड 25 व्होल्टचा, डोकं फुगलेला. साधा 1000 कुठल्याही दुकानात मिळतो, पण या सप्लायला लो ईएसआर (आतला रोध कमी असलेला), 105 डिग्रीपर्यंत चालणारा लागतो. तसे 470 चे, 35 व्होल्टचे दोन माझ्याकडे नवे होते. मिळून 940. मूळ पार्टलाच 20 टक्के इकडेतिकडे चालतं. उंचीला जास्त, उभे ठेवले तर कव्हर बसत नाही, म्हणून आडवे करून गोंद लावला. दिसायला वाईट दिसतं, कबूल.

फ्यूज मात्र नवा आणि त्याच रेटिंगचा आहे. तिथे तार पिळून देणारे आहेत, त्याला मी जुगाड म्हणतो. सेट आधी 100 वॅटच्या बल्बच्या सिरीजमध्ये लावला. बल्ब भपकन पेटून मंद झाला, म्हणजे शॉर्ट नाही. मग थेट लाइनवर सहा तास चालवून तुम्हाला फोन केला.

एक काळजीचं सांगतो. प्लग काढला तरी सप्लायच्या मोठ्या कंडेन्सरमध्ये 300 व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो. मीसुद्धा तो उतरवल्याशिवाय बोर्डाला हात लावत नाही. शंका आली तर सेट घेऊन या, तुमच्यासमोर उघडतो.

तीन महिन्यांची वॉरंटी आहेच, जुन्या मॉस्फेटसकट. तरी नवाच हवा असेल तर खात्रीच्या माणसाकडून मागवून बसवून देतो, फक्त पार्टचे पैसे द्या, मजुरी नको. तुमचे काढलेले पार्ट पाकिटात नाव घालून ठेवलेत. सोमवारी दुकान बंद असतं.