झिरो वायरमन नेमताना घ्यावयाची काळजी

सर्वप्रथम अभिनंदन. तालुक्याच्या लाइन देखभालीचा ठेका तुम्हाला मिळाला, बोलेरोला हार घालून झाला, साहेबांकडे पेढे पोचले. आता माणसं नेमायची. नवखा ठेकेदार हमखास इथंच चुकतो, परवानाधारक वायरमन शोधत बसतो. तो पगार जास्त मागतो, आणि त्याहून वाईट म्हणजे खांबाखाली उभा राहून ‘परमिट घेतलंय का?’ असं विचारतो. तुम्ही झिरो वायरमन ठेवा.

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. वादळात लाइट गेली की अख्खं गाव ज्याला फोन करतं, डीपीवरचा (गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा) उडालेला डीओ, म्हणजे फ्यूज, जो टाकतो आणि ज्याचं नाव कुठल्याही हजेरीपटावर नसतं, तो झिरो वायरमन. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०२३चे सुरक्षा विनियम सांगतात की लाइनवर काम करणारी माणसं रीतसर नेमावीत आणि त्यांची नोंद ठेवावी. नोंद तुम्ही ठेवाच. फक्त नोंदीत आहे तो खांबावर नको आणि खांबावर आहे तो नोंदीत नको, एवढं पथ्य पाळा.

मुलगा विशीतला बघा. आयटीआय अर्धवट सोडलेला असेल तर उत्तम, पूर्ण केलेल्याला अर्थिंग म्हणजे काय ते माहीत असतं. शिडी न मागता चढणारा हवा. एकदा झटका बसून वाचलेला मिळाला तर त्याला अनुभवी समजा आणि महिन्याला पाचशे जास्त द्या. मात्र रोख. फोनपेवर पैसे टाकलेत तर तारीखवार पुरावा तयार होतो, आणि हा पुरावा पुढं कसा नडतो ते ओघात येईलच.

साहित्य मात्र सगळं घ्या, त्यात कंजुषी नको, कारण तपासणीत साहित्यच मोजतात. हेल्मेट, झुला (खांबावर अडकवायचा सुरक्षापट्टा), रबरी हातमोजे. हातमोजे आयएस ४७७०चा शिक्का असलेले घ्या. नियमाप्रमाणे हे मोजे दर वेळी घालण्याआधी फुगवून बघायचे असतात. मनगटाकडून गुंडाळत आणायचं, आत हवा कोंडायची, मग कानाशी धरून बोटाबोटातून कुठं हवा सुटतेय का ते ऐकायचं. सुईएवढं भोक असलं तरी मोजा बाद. एवढा वेळ कुणाला आहे? त्यापेक्षा मोजे सीलबंद पाकिटातच ठेवा. न वापरलेल्या मोज्याला भोक पडल्याचं मी तरी कधी ऐकलेलं नाही. ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनाला, पाकीट कपाटाबाहेर काढायचं, बॅनरपुढं हातात धरून शपथ घ्यायची, फोटो ग्रुपवर टाकायचा आणि पाकीट परत कपाटात. या पाकिटाला जपा. पुढं कामाला येणार आहे.

आता मुख्य विषय, परमिट. पुस्तकी पद्धत अशी आहे: उपकेंद्रातल्या ऑपरेटरकडून लाइनवर काम करण्याचं लेखी परमिट घ्यायचं. त्यानं फीडर, म्हणजे उपकेंद्रातून गावाकडे जाणारी लाइन, बंद करायचा, आयसोलेटर, म्हणजे लाइन तोडणारा मोठा स्विच, उघडून कुलूप लावायचं, ‘माणसं काम करत आहेत, चालू करू नये’ अशी पाटी अडकवायची. मग जागेवर लाइन खरंच मेली आहे का ते तपासायचं, कामाच्या दोन्ही बाजूंना डिस्चार्ज रॉड टाकून तारा जमिनीला जोडायच्या, आणि मगच हात लावायचा. काम संपल्यावर ज्यानं परमिट घेतलं त्यानंच ते सहीनिशी परत करायचं, तोवर लाइन चार्ज करायची नाही. वाचतानाच दम लागला ना? गावाकडची पद्धत बघा.

‘हॅलो भाऊ, गावठाण फीडर बंद कर.’

‘किती वेळ?’

‘पाच मिनिटं. जंप तुटलाय, बांधायचाय फक्त.’

‘घे, केला बंद.’

बारा सेकंदांत परमिट. सहीची भानगड नाही, कुलूप शोधणं नाही. यात एकच खोट आहे: फोन ठेवल्यावर ऑपरेटरला दुसरे फोन येतात. पिठाच्या गिरणीवाल्याचा येतो. सरपंचांचा येतो. मग ‘लग्नाचा मांडव आहे, दहा मिनिटांत लाइट नाही आली तर बघा’ असा तिसरा. पाच मिनिटांची पंचवीस झालेली असतात, तेवढ्यात पाळी बदलते, आणि नवा ऑपरेटर टेबलावर बघतो तर लिहिलेलं काहीच नाही. बंद फीडर आणि कोरी वही पाहिल्यावर कुठलाही कर्तव्यदक्ष माणूस काय करेल?

ऑपरेटरनं काही केलं नाही तरी मांडवाचा जनरेटर आहेच. लाइट गेली म्हणून मंडपवाला तो सुरू करतो. जनरेटर लावताना बाहेरची लाइन तोडणारा चेंजओव्हर स्विच बसवायला खर्च येतो, म्हणून वायर सरळ मीटरच्या बोर्डात खुपसलेली असते. ट्रान्सफॉर्मरला सुलट-उलट कळत नाही. खालून चारशे व्होल्ट मिळाले की वरच्या तारेत तो ११,००० करून देतो. फीडर बंद, ऑपरेटर निर्दोष, आणि मेलेली लाइन जिवंत.

अशा वेळी खांबावरच्या माणसाला जो वाचवतो तो डिस्चार्ज रॉड. एका उपकेंद्रात मी तो पाहिला आहे. कंट्रोल रूममागच्या भिंतीला टेकवलेला होता, तांब्याची केबल कधीच भंगारात गेलेली, आणि टोकाच्या आकड्यात चिंचेची एक वाळकी डहाळी अडकलेली. चांगली लांब काठी आहे, वरच्या फांद्यांपर्यंत पोचते.

तर समजा, झालं. घाबरून जायचं नाही. कायद्यानं प्राणांतिक अपघात २४ तासांत विद्युत निरीक्षकाला कळवावा लागतो. चोवीस तास पुष्कळ होतात. पहिला प्रश्न येईल, ‘हा कोण?’ आता कळलं, झिरो का ठेवायचा? तुम्ही चष्मा पुसत म्हणायचं, ‘गावातलाच पोरगा. हौस होती. न सांगता चढला.’

हे वाक्य किमती आहे, आणि त्याची किंमत काढता येते. १९२३च्या कायद्यातून चालत आलेलं भरपाईचं सूत्र सोपं आहे: महिन्याच्या पगाराचा निम्मा भाग गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा. पगार कितीही असो, २०२०पासून जास्तीत जास्त १५,०००च धरतात. पोरगा पंचवीस वर्षांचा असेल तर आकडा २१६.९१. साडेसात हजारांनी गुणा, १६,२६,८२५ रुपये होतात. पोरगा जितका लहान तितका हा आकडा मोठा, हा मात्र कायद्याचा तुमच्यावर अन्यायच म्हणायचा. पण हे सगळं तो तुमच्याकडे कामाला होता असं सिद्ध झालं तर. हजेरीपट नाही, पगाराची चिठ्ठी नाही, फोनपे नाही. त्याची आई कशाच्या जोरावर सिद्ध करणार? एक काळजी घ्या: बारा सेकंदांचा तो कॉल त्याच्या मोबाइलमध्ये असतो. मोबाइल खिशात असेल तर जळालेला असेल. नसेल तर आधी तो शोधा.

निरीक्षक खमक्या निघाला आणि पोरगा तुमचाच ठरला, तरी हरकत नाही. ते पाकीट आठवतंय ना? पंचनाम्याआधी सील फोडा आणि मोजे खांबाच्या बुडाशी टाका. साधनं पुरवली होती, मयतानं वापरली नाहीत, एका ओळीत निष्काळजीपणा त्याच्या नावावर जमा. फक्त टाकण्यापूर्वी मोजे उलटे करून नीट झटका आणि मातीत चोळून घ्या. नव्या मोज्यांच्या आत पांढरी पावडर असते, ती पंचांच्या बोटांना लागते.