किल्ल्या ज्याच्या कमरेला

चर्चच्या पाळकसाहेबांची बदली होते. बिशपसाहेबांचं पत्र येतं, निरोपसमारंभात शाल पांघरली जाते, टेम्पोत सामान चढतं. माझी बदली होऊच शकत नाही, कारण माझी नेमणूकच कुणी केलेली नाही. एका नाताळात पडदा बांधायला मी शिडीवर चढलो, आणि त्यानंतर मंडळीनं मला खाली उतरू दिलं नाही. चर्चच्या किल्ल्यांचा जुडगा आता माझ्याच कमरेला असतो. रात्री बाराला फोन वाजला की बायको डोळे न उघडता म्हणते, "अहो, खुर्च्या हव्या असतील कुणाला तरी."

आजोबा नगरहून इंदूरला आले. त्यामुळे घरातल्या प्रार्थनेत आम्ही रेव्हरंड टिळकांची मराठी भजनं म्हणतो, चर्चमध्ये हिंदीत आराधना करतो आणि चर्चचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीत इंग्रजीत भांडतो. त्या कमिटीविषयी चार शब्द बोललंच पाहिजे. आमची मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची. सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात ती स्थापन झाली. बोलणी सुरू झाली होती 1929 मध्ये. बाहेरच्या माणसाला एवढी वर्षं म्हणजे अतीच वाटतात. कमिटीत बसलेल्याला नाही वाटत. बाप्तिस्मा तान्ह्या बाळाचा करायचा की मोठेपणी, या वादावर त्या थोरांनी शेवटी 'दोन्ही चालतील' असा तोडगा काढला. आम्ही तोच तोडगा पंख्यांच्या रंगावर वापरून पाहिला. आता अर्धे पंखे पांढरे, अर्धे बदामी आहेत, आणि दोन्ही पक्ष फक्त आपापल्या पंख्याखाली बसतात.

रविवारी उपासना संपली की अर्पण मोजायचं कामही माझंच. लाल मखमलीची थैली, तिला लाकडी दांडा. ती रांगेतून फिरताना प्रत्येक जण मूठ झाकून आत घालतो, म्हणजे आतलं गुपित त्याला आणि प्रभूलाच ठाऊक. आणि नंतर मला. दुकानदार घेत नाही, कंडक्टर घेत नाही, ती चिकटपट्टी लावलेली नोट आठवडाभर सांभाळून इथे येते. एक मावशी तर थैलीत पन्नासची नोट घालून त्यातूनच चाळीस परत घेतात. त्यांचा हात आत असेपर्यंत पुढच्या रांगा ताटकळतात, आणि पेटीवाला तेच कडवं पुन्हा पुन्हा वाजवत राहतो.

पण खरी परीक्षा घेतली ती 2024 च्या ईस्टरनं. 21 मार्चला किंवा त्यानंतर जी पौर्णिमा येते, तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. होळीची पौर्णिमा बहुतेक वर्षी त्याआधी उरकते, म्हणून रंग आणि ईस्टर यांच्यात महिनाभराचं अंतर राहतं. त्या वर्षी होळीचीच पौर्णिमा 25 मार्चला आली. परिणामी 29 ला उत्तम शुक्रवार, 31 ला ईस्टर आणि मधल्या शनिवारी रंगपंचमी! इंदूरची रंगपंचमी म्हणजे राजवाड्यावरची गेर, रंगांची मिरवणूक. टँकरमधून रंगीत पाण्याचे फवारे, मशीननं आकाशात उडवलेला गुलाल, आणि घराच्या गच्चीवर उभा असलेला माणूसही कोरडा राहत नाही.

शुक्रवारी बारा ते तीन 'वधस्तंभावरचे सात शब्द', म्हणजे येशूच्या शेवटच्या सात उद्गारांवरची प्रवचनं झाली. सात वक्ते, प्रत्येकाला ठरावीक मिनिटं. पहिल्या दोघांनीच सगळ्यांची मिनिटं खाल्ली, आणि सातव्यानं बिचाऱ्यानं 'आत्मा तुझ्या हाती सोपवतो' एवढंच म्हणून घड्याळाकडे पाहत खाली बसणं पत्करलं. शनिवारी सकाळी पाळकसाहेबांचा फोन. "वेदीचं पांढरं कापड लाँड्रीतून आणायचंय, आणि फुलंही. सगळी पांढरीच हं."

लाँड्री आणि फुलबाजार, दोन्ही राजवाड्याच्या बाजूला. कापड प्लास्टिकमध्ये गुंडाळून डिकीत कोंबलं. निशिगंधाची भली मोठी जुडी मात्र पुढे पायाशी उभी करावी लागली. गल्लीबोळातून निघालो, पण गेरच्या दिवशी गल्लीबोळही गेरलाच मिळतात. नखशिखांत जांभळ्या झालेल्या एका पोरानं स्कूटर अडवली, फुलांकडे निरखून पाहिलं आणि मनापासून कळवळून म्हणाला, "भिया, आज के दिन सफेद लेके कौन निकलता है?" मग ती चूक त्यानं स्वतःच्या पिचकारीनं दुरुस्त केली. मी 'चर्च का है, चर्च का है' ओरडत होतो. त्याला वाटलं मी घोषणा देतोय. मागच्या दहाबारा जणांनी ती उचलून धरली.

संध्याकाळी महिला मंडळानं माझं स्वागत केलं. निशिगंध धुवून पाहिला, तर तो गुलाबीचा फिका गुलाबी झाला. दुसरी फुलं आणायला आता बाजारच उघडा नव्हता. पहाटेची उपासना कब्रस्तानात, अंधारात होती, त्यामुळे फुलांचा रंग कुणाला दिसला नाही. माझे कान मात्र उजाडताच दिसले.

कहर पुढे झाला. खजिनदारांनी फुलांचं बिल परत पाठवलं. मंजुरी पांढऱ्या फुलांची होती, फोटोत फुलं गुलाबी दिसतात, तरी लेखी खुलासा करावा. तो मी केला आहे, सोबत रंगलेला शर्टही जोडला आहे. विषय पुढच्या बैठकीच्या कामकाजात घेतलाय, पंख्यांनंतर.