लँडलाइनच्या वायरीनं वायफाय? आधी ती वायर राउटरमधून उपसा

तालमीच्या ग्रुपवरून भिशीच्या ग्रुपवर, तिथून सोसायटीच्या ग्रुपवर असा फिरत फिरत एक फॉरवर्ड राजारामपुरीतल्या आत्तीपर्यंत पोचला. तिनं तो 'बघ रे, आपली जुनी लाइन अजून आहे की' एवढी पुस्ती जोडून पुढं ढकलला. मजकूर असा: "जुनी लँडलाइन भंगारात देऊ नका! फोनची वायर राउटरच्या पिवळ्या पोर्टात घाला, डायल-अपचं नेट वायफायवर येतं. लॅपटॉपला ३०० एमबीपीएस स्पीड. महिन्याचा खर्च शून्य. पासवर्ड काढून टाका, स्पीड आणखी वाढतो. राउटरमागं फॉइल लावा." खाली हात जोडलेले इमोजी आणि 'सर्वांना पाठवा'.

पहिल्याच सूचनेत राउटरची आणि फोनची, दोन्हींची वाट लागते. त्यामुळं तिच्यावरच जास्त बोलतो.

फोनची पिन नेटच्या पोर्टात बसते, हेच दुर्दैव. बसली नसती तर हा फॉरवर्ड जन्मालाच आला नसता. फोनची पिन अरुंद, सहा खाचांच्या मापाची. नेटचा पोर्ट रुंद, आठ तारांचा. अरुंद पिन मधोमध जाऊन 'टक' आवाज करते आणि माणसाला वाटतं, जमलं. त्या वेळी आत काय होतं बघा. पिनच्या दोन्ही कडांचं प्लास्टिक पोर्टातल्या पहिल्या आणि आठव्या सोनेरी तारेवर दाबून बसतं आणि त्या तारा वाकतात. पहिली तार डेटाची. उद्या त्याच पोर्टात नेटची खरी केबल घातली की ती लागते-सुटते, दिवा लुकलुकतो, आणि मग 'केबलच खराब दिसतेय' म्हणून लोक नवी केबल घेऊन येतात.

आता विजेचं. फोन ठेवलेला असताना लाइनवर साधारण ४८ व्होल्ट डीसी असतो. रिंग आली की त्यावर ७५ ते ९० व्होल्टचा एसी चढतो, सेकंदाला २०-२५ वेळा उलटसुलट होणारा. रिंग वाजत असताना उघड्या तारेला बोट लावून बघितलेल्यांना तो झटका माहीत आहे. फोनच्या दोन तारा नेटच्या पोर्टात चौथ्या आणि पाचव्या तारेवर येतात. बऱ्याच साध्या, १०० एमबीपीएसच्या राउटरमध्ये या दोन तारा आत एकमेकींना जोडून एका छोट्या रेझिस्टरवर नेलेल्या असतात. म्हणजे तुम्ही फोनची लाइन शॉर्ट केली. एक्स्चेंजला वाटतं रिसीव्हर उचललाय. डायल टोन थोडा वेळ देऊन ते गप्प बसतं आणि बाहेरून फोन करणाऱ्याला तुमचा नंबर कायम एंगेज लागतो. गिगाबिट राउटरमध्ये त्याच जोडीवर डेटाचा बारीक ट्रान्सफॉर्मर असतो. त्यातून हा डीसी वाहायला लागला की तो पोर्ट जगेल का, हे नशिबावर. नेट मात्र दोन्हींत येत नाही, कारण डायल-अप म्हणजे फोन लावून, त्या कॉलवरून घेतलेलं नेट, आणि राउटरला फोन 'लावता' येत नाही. नंबर फिरवणं, पलीकडच्या मोडेमशी ती किरकिरी बोलणी करणं हे मोडेमचं काम, आणि साध्या राउटरमध्ये तो मोडेम नसतोच.

मग इतक्या लोकांना हे खरं का वाटतं? कारण त्यांनी फोनची वायर राउटरमध्ये गेलेली स्वतःच्या घरात पाहिलीय. बीएसएनएलचं 'डेटावन' ब्रॉडबँड २००५ साली आलं, तेव्हा वायर खरोखरच राउटरच्या मागं जायची. पण तो एडीएसएल राउटर, म्हणजे फोनच्या तारेवरून ब्रॉडबँड घेणारा. त्याला फोनच्या मापाचा वेगळा पोर्ट असायचा, मध्ये फोन आणि नेट वेगळं करणारा स्प्लिटर लागायचा, आणि एक्स्चेंजमध्ये तुमच्या जोडीच्या दुसऱ्या टोकाला त्याच कामाचं यंत्र बसवलेलं असायचं. ते यंत्र काढलं की उरतात तांब्याच्या दोन तारा. आणि लाइन जर फायबरवर गेली असेल, तर तुमच्या फोनची वायर फायबरचं नेट देणाऱ्या त्या भिंतीवरच्या डब्यातूनच निघते. म्हणजे नेटच्या डब्यातून फोन काढायचा आणि तो परत नेटच्या डब्यात कोंबायचा! तर तर!

एक गोष्ट नाइलाजानं मान्य करतो. डायल-अप वायफायवर वाटणं ही थाप नाही. ॲपलच्या १९९९ च्या एअरपोर्ट बेस स्टेशनमध्ये ५६के मोडेम आतच होता. विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून डायल-अप शेअर करायची सोयही आहे. ज्याला हौसच आहे त्यानं हे असं करावं:

फोनच्या रोझेटमधून, म्हणजे भिंतीवरच्या डबीतून, वायर यूएसबी मोडेमला, मोडेम डेस्कटॉपला. स्वस्त मोडेमचं निम्मं काम कॉम्प्युटरच करतो, म्हणून घेण्याआधी आपल्या विंडोजसाठी त्याचा ड्रायव्हर (मोडेम चालवणारं सॉफ्टवेअर) मिळतो का ते बघा. जुन्या मोडेमांचे ६४-बिटचे ड्रायव्हर बहुतेकदा नसतातच. डायल-अप कनेक्शन बनवून त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये 'शेअरिंग' टॅबवर टिक करायची. विंडोज ७ पासून पुढं डेस्कटॉप स्वतःला १९२.१६८.१३७.१ हा पत्ता घेतो. आता राउटर: त्याचं डीएचसीपी (जोडलेल्या यंत्रांना पत्ते वाटायची सोय) बंद करा, पत्ता १९२.१६८.१३७.२ द्या, आणि डेस्कटॉपची नेट केबल त्याच्या लॅन पोर्टात (घरातली यंत्रं जोडायच्या) लावा. वॅन पोर्ट (बाहेरचं नेट घ्यायचा) मोकळाच ठेवायचा. नेमकी इथंच सगळे चुकतात: डीएचसीपी चालू राहिलं की लॅपटॉप राउटरकडून पत्ता घेतो, वायफाय 'कनेक्टेड' दाखवतं आणि एकही पान उघडत नाही. डेस्कटॉप बंद केला की नेट बंद. समांतर फोनचा रिसीव्हर कुणी उचलला की नेट बंद. कॉल वेटिंगची टुक टुक आली तरी तुटतं. पावसाळ्यात केबलच्या जॉइंटमध्ये पाणी शिरून लाइनवर खरखर सुरू झाली, की जोडणी लागलीच तरी रखडत चालते.

एवढं करूनही पलीकडं फोन उचलणारा मोडेम लागतो. म्हणून खर्चात पडण्याआधी फोन कंपनीला एकच विचारा, डायल-अपचा नंबर आणि खातं मिळतंय का? अमेरिकेत एओएल या जुन्या नेट कंपनीनंसुद्धा ३० सप्टेंबर २०२५ ला डायल-अपला टाळं लावलं. 'खर्च शून्य'ची गोष्टही इथंच संपते: कापलेल्या लाइनवर टोन नसतो, चालू लाइनवर भाडं असतं.

३०० एमबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला ३० कोटी बिटांचा, दावा निकालात काढायला एक कागद पुरतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचं १९९८ चं व्ही.९० हे मानक. त्यातली कमाल मर्यादा अशी: येताना सेकंदाला ५६,००० बिट, जाताना ३३,६००. ही कुणाची कंजुषी नाही. एक्स्चेंज तुमचा आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजतं, प्रत्येक मापाला ८ बिट. म्हणजे एका कॉलची अख्खी पिशवीच ६४,००० बिटांची. राउटरच्या खोक्यावरचे ३०० हे राउटर ते लॅपटॉप एवढ्याच अंतराचे. पंगतीत वाढपी कितीही चपळ असू दे, पातेल्यात तांबडा रस्सा दोन वाट्याच असेल तर तो वाढणार काय?

हिशोब करा. लाइन चांगली असून ५०,००० बिट मिळाले, तर सेकंदाला सव्वासहा किलोबाइट. फोनमधला ३ एमबीचा एक फोटो यायला ८ मिनिटं. विंडोजचा ५०० एमबीचा अपडेट २२ तास. आणि तो अपडेट तुम्हाला न विचारता मागं सुरू होतो, म्हणून लॅपटॉपवर 'मीटर्ड कनेक्शन' चालू केल्याशिवाय या लाइनवर साधी मेलसुद्धा उघडणार नाही. आपल्या सरकारी व्याख्येत २०२३ पासून ब्रॉडबँड म्हणजे किमान २ एमबीपीएस, याच्या चाळीस पट.

पासवर्डबद्दल: वायफायच्या कुलपाचा प्रकार डब्ल्यूपीए२ आणि त्यात एईएस ठेवलं तर स्पीडला फरक जाणवत नाही. टीकेआयपी किंवा वेप हे जुने प्रकार निवडले की वायफाय ५४ एमबीपीएसवर अडकतं, अफवेचं मूळ तिथं असावं. उपाय सेटिंग बदलणं आहे. उघड्या वायफायवरून कुणी काही उद्योग केला, तर पोलिसांना सापडतो तो ज्याच्या नावावर कनेक्शन आहे त्याचा पत्ता. फॉइलनं सिग्नल एका दिशेला वळतो, हे खरं. पलीकडच्या खोलीत एखादी कांडी वाढेलही, आणि मागच्या खोलीतली जाईल. बाहेरून येणारं नेट त्यानं वाढत नाही.

लॅपटॉपला नेटच हवं असेल तर मोबाइलचा हॉटस्पॉट लावा. जुन्या लॅपटॉपला दिसत नसेल तर हॉटस्पॉटचा बँड २.४ गिगाहर्ट्झ करा. तेही जमेना तर यूएसबी केबलनं टेदरिंग, म्हणजे फोनचं नेट केबलनं लॅपटॉपला. फोन चार्जही होत राहतो.

आणि वायर आधीच पिवळ्या पोर्टात गेली असेल, तर ती काढा, फोनला लावा, टोन येतो का ऐका. मग राउटर बंद करून पोर्टात टॉर्च मारा. आठही तारा एका रेषेत दिसल्या पाहिजेत. कडेच्या दोन खाली बसल्या असतील तर त्या पोर्टावर चिकटपट्टी लावा आणि शेजारचा वापरा. सुईनं उचकटत बसू नका.